कानपिळीचा मान

त्या शनिवार-रविवारी आमच्या घरावर सगळी कार्यं एकदम आली होती. शनिवारी दुपारी पिंपळे सौदागरला काकांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. संध्याकाळी काळेवाडीत आमच्या दारात धाकट्या बहिणीची हळद. रविवारी चाकणला तिचं लग्न. आणि मुलगी सासरी गेली की त्याच संध्याकाळी परत पिंपळे सौदागर, काकांच्या नातवाचा पहिला वाढदिवस. तिथी थोड्या, हॉल मिळत नाहीत, गावाकडची माणसं एकदाच येणार, म्हणून सगळं एका दमात उरकायचं. आमच्याकडे असंच चालतं. आई म्हणायची, "एकदा का ह्ये दोन दिवस पार पडले की मी आठ दिवस झोपून राहनार बघ."

आम्ही मूळचे लातूरकडचे. वडील इथल्या कंपनीत हेल्पर म्हणून आले आणि सिक्युरिटीत म्हातारे झाले. मी थोरली. आईकडच्या आणि वडलांकडच्या दोन्ही घरांत कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. दिवसा दुकानात बसून बी.कॉम. केलं, आता एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मोठीच्या आधी धाकटीचं कसं काय, असं विचारणाऱ्या बायकांना मी तोंडावर सांगायचे, "माझं ठरलं की तुम्हालाच आधी कळवते. आहेर तयार ठेवा." माझ्या पाठचा भाऊ. त्यानं आयटीआय अर्ध्यात सोडलं आणि चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागला.

नवरदेव चाकणजवळच्याच एका गावचा. जुनं शेतकरी घर, थोडी जमीन उरलेली, बाकीची एमआयडीसीत गेलेली. तो एका कारखान्यात प्रेस शॉपला लाइन सुपरवायझर होता. प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारं मशीन. साखरपुडा झाल्यावर त्यानं माझ्या भावाला आपल्याच लाइनवर घेतलं. आईला केवढं कौतुक. "जावई न्हाई, दुसरा लेक भेटला मला," असं ती गल्लीभर सांगायची.

शुक्रवारी भावाची सकाळची पहिली शिफ्ट होती. शनिवार-रविवारची रजा मिळाली होती, पण शुक्रवार भरून दे, असं त्याला सांगितलेलं. दुपारी मी ऑफिसात असताना त्याच्या फोनवरून दुसऱ्याच कुणीतरी फोन केला. "ताई, घाबरू नका. हाताला लागलंय." घाबरू नका म्हटलं की माणूस काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे.

चाकणच्या एका खासगी दवाखान्यात तो पडून होता. उजव्या हाताला पांढरं गाठोडं बांधलेलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली होती, तिसरं अर्धं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, मी इंग्रजीत उत्तरं दिली. वडील बाजूला उभे राहून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मला एवढंच विचारलं, "बसतील का परत?" मी नाही म्हणाले.

थोड्या वेळानं कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला. हातात फ्रुटीची पाकिटं. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला वेगळं काही समजावून सांगायची गरज नाही."

"मग नका सांगू."

तो हसला. "घरी लग्न आहे ना तुमच्या? मांडवाचं काम चालूच असणार. पाइप पडला हातावर असं म्हणायचं, बास. इथलं सगळं आम्ही बघतो. पोरगा बरा झाला की परत कामावर."

"तीन बोटांशिवाय?"

"गेटवर ठेवू की. सुपरवायझर तर घरचाच आहे तुमच्या."

मी आत गेले. भावाला म्हणाले, मी पोलीस चौकीत जाऊन येते. तो डोळे मिटूनच बोलला, "ताई, बस खाली."

मग त्यानं सांगितलं. प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत असला की मशीन थांबतं. सेन्सर चालू ठेवला की काम सावकाश होतं. त्या दिवशी माल कमी पडत होता आणि नवरदेवाला रजेवर जायच्या आधी तो पुरा करून द्यायचा होता. तो येऊन म्हणाला, "आजच्या दिवस ओढ भावा. सेन्सर बाजूला कर. उद्यापासून दोघंबी सुट्टीवर."

"दाजींनी सांगितलं आणि मी काढला," भाऊ म्हणाला. "मला काय कुणी हात धरून काढायला लावला नाही. तू चौकीत गेलीस तर पहिलं नाव त्यांचं येणार. परवा लग्न आहे तिचं."

"आणि तुझं काय?"

"माझं झालं की आता."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण बोटं त्याची होती. बोलायचं की गप्प बसायचं हे त्यानंच ठरवायचं होतं. नवरदेव त्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आला होता. मी त्याला वरून पाहिलं. कठड्याला हात लावून बराच वेळ उभा राहिला आणि परत खाली उतरून गेला.

शनिवारी मी दवाखान्यात थांबले आणि वडील वास्तुशांतीला गेले. सख्ख्या भावाच्या घरी न जाऊन कसं चालेल? तिथं पंगतीत कुणीतरी विचारलं, पोरगा का नाही आला. वडलांनी आयुष्यभर गेटवर उभं राहून खरं तेवढंच सांगितलेलं. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, म्हणून त्यांनी सांगायला दिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "मांडवाचा पाइप पडला हातावर. बोटं गेली."

काकू जिलबी वाढत होती. ती तशीच थांबली. "अगं बया! हळदीच्या आधी मांडवात रक्त सांडलं?"

आम्ही कुणीच हा विचार केला नव्हता. कंपनी वाचवायला जे खोटं बोलायचं ठरलं, ते पोरीच्या कपाळावर जाऊन बसणार हे ना त्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला सुचलं, ना मला. मी एवढी शिकलेली, पण मांडवात रक्त म्हणजे आमच्या लोकांत काय, हे काकूचं बोलणं वडलांकडून कळेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नाही.

पिंपळे सौदागरहून ती गोष्ट चाकणला पोचायला फोन आहेत. संध्याकाळी नवरदेवाच्या घरच्या बायका उष्टी हळद घेऊन आमच्या दारात आल्या. मुलाला लावलेली हळद उरते ती मुलीला लावायला आणतात. एरवी या बायका नाचत, एकमेकींना पिवळं करत येतात. या टेम्पोतून उतरल्या आणि आधी मांडवाच्या पाइपांकडे पाहू लागल्या. कोणता तो, हे शोधत असाव्यात.

भावाला आम्ही नुकतंच घरी आणलं होतं. डॉक्टर सोडत नव्हते, यानं हट्ट केला. खुर्चीवर हात छातीशी धरून बसला होता. नवरदेवाची आत्या त्याच्यापुढे उभी राहिली.

"कुटं सांडलं म्हणायचं रगत?"

भावानं माझ्याकडे पाहिलं.

"मुहूर्ताच्या मेढीपाशी का भायेर?"

"आत्याबाई, पाणी घ्या," मी म्हणाले.

"पाणी ऱ्हाऊ दे. तू थोरली ना? शिकल्याली? मंग तुलाच सांगते. आमी काय लगीन मोडाया न्हाई आलो. पर आमच्या वहिनीनं निरोप दिलाय. आमच्या घरात शांत केल्याबिगार पोरगी पुढच्या दारानं न्हाई येणार. मागल्या दारानं घ्यायची. माप-बीप काय न्हाई. शांत झाली की मंग बघू."

वहिनी म्हणजे नवरदेवाची आई. आणि माप म्हणजे उंबऱ्यावर ठेवलेलं तांदळाचं भरलं मापटं. नवी सून ते पायानं लवंडून घरात येते. लक्ष्मी आली म्हणतात. मागच्या दारानं घेतलेल्या सुनेला पुढे काय म्हणतात हे मी आमच्याच गल्लीत पाहिलेलं आहे. घरात म्हैस आटली तरी तिचं नाव निघतं.

आई म्हणाली, "अहो, पर मांडवात न्हाईच झालं हो ते..." आणि वडलांनी तिच्याकडे पाहिलं तशी गप्प झाली.

आत्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. "लावा बाई हळद, उशीर व्हतोय," म्हणाली आणि पाटावर बसलेल्या माझ्या बहिणीच्या गालाला बोटाच्या टोकानं हळद लावली. बहिणीनं सगळं ऐकलं होतं. तिनं मान वर केली नाही.

बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली, अंगभर पिवळी, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. भाऊही तिथंच होता, आई त्याला वरणभात भरवत होती.

"मी फोन केला होता त्यांना," ती म्हणाली. "आईपुढं माझं काय चालत न्हाई, म्हणतात."

आईनं पुढचा घास कालवला.

"जाईन मी मागच्या दारानं. काय झिजतं माझं? दादाची नोकरी तरी राहील."

दाजींनी भावाला काय सांगितलं होतं हे बहिणीला माहीत नव्हतं. भावानं ते मला एकटीला सांगितलं होतं आणि माझ्याकडून शब्द घेतला होता. त्यानं घास गिळला आणि आईचा हात बाजूला केला. "बास," म्हणाला. त्यानंतर तो उठून बाहेर जाऊन बसला. मला वाटलं हात ठणकतोय.

रविवारी चाकणच्या कार्यालयात सगळं ठरल्यासारखं झालं. फेटे, सत्कार, माइकवरून नावं. कॉन्ट्रॅक्टरलाही फेटा बांधला, कारण तो मुलाकडच्यांचा पाहुणा होता. अक्षता पडल्या आणि अर्ध्याहून जास्त लोक जेवणाच्या हॉलकडे पळाले. आपल्याकडे होमाला घरचेच उरतात. नवरदेवाची आई, आत्या, आमचे आई-वडील, काका-काकू, चार पोरं. भटजींच्या उपरण्याला छोटा माइक लावलेला होता, मंत्र शेजारच्या हॉलमधल्या स्पीकरवरसुद्धा ऐकू जात होते.

होम झाला की नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर मी आहे, एवढंच त्यातून सांगायचं. मुलाकडचे त्याबद्दल भावाला कापड देतात, कानपिळीचा मान म्हणून. चेष्टेचा विधी आहे. पोरं ओरडतात, जोरात पिळ, उपटून काढ. आमच्या भावानं हे लहानपणापासून ठरवून ठेवलं होतं. बहिणीशी भांडण झालं की म्हणायचा, तुझ्या नवऱ्याचा कान असा पिळीन की तो तुला परत आणून सोडेल.

भटजी म्हणाले, "कानपिळ्या कुठं आहे? चला, लवकर."

काका पुढे झाले. "त्याच्या हाताला लागलंय. मी उरकतो."

"मीच," भाऊ म्हणाला.

तो नवरदेवाच्या मागं जाऊन उभा राहिला. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत. डाव्या हातानं त्यानं कान धरला. पोरं ओरडली. "जोरात रे भावा!" कुणीतरी म्हणालं, "डाव्यानं काय व्हतंय, राव!" लोक हसले. नवरदेवही हसला.

भावानं कान सोडला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "माझी बोटं कुठं गेली सांगा."

पोरं परत हसली. त्यांना वाटलं चेष्टाच आहे. नवरदेवाचं हसणं मात्र तोंडावर तसंच थिजलं.

"मांडवात का प्रेसवर, एवढंच सांगा. बाकी मी काय विचारत नाही."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. पण भटजी त्यांच्या शेजारीच बसलेले, आणि माइक चालू. शेजारच्या हॉलमधला वाढप्यांचा गलका कमी होत गेला हे मला कळलं. कान लाल झाला होता. नवरदेवाची आई पुढे आली. "सोड की रं आता. ह्यो काय तमाशा?"

"आई, थांबा," माझी बहीण म्हणाली. होमाच्या धुरानं डोळे लाल झालेली, हातात अजून लाह्या चिकटलेल्या. सासूला ती पहिल्यांदाच काही बोलली, आणि ते हे बोलली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

त्यानं समोरच्या राखेकडे पाहिलं. मग म्हणाला, "प्रेसवर."

"ऐकू न्हाई आलं," आत्या म्हणाली.

"प्रेसवर गेली, आत्या. कंपनीत. मांडवाचा काय संबंध न्हाई. सेन्सर मी काढाय लावला हुता."

तो शेवटचं वाक्य बोलेल असं भावालाही वाटलं नव्हतं. त्यानं कान सोडला. हात तसाच हवेत राहिला थोडा वेळ.

शेवटी भटजी म्हणाले, "कापड द्या की हो कानपिळ्याला," आणि नवरदेवाच्या आईनं शर्ट-पँटचं कापड, वर टोपी ठेवून, भावाच्या डाव्या हातावर ठेवलं. माझे वडील तिथंच खुर्चीवर बसले आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. कॉन्ट्रॅक्टर जेवण अर्ध्यात टाकून गेला, हे नंतर काकांनी सांगितलं. काकांना त्याचं वाईट वाटलं होतं. भरल्या ताटावरून उठला, म्हणाले.

बहिणीबरोबर पाठराखीण म्हणून मी गेले. नवरीबरोबर माहेरचं एक बाईमाणूस जातं, पहिल्या दिवशी तिला परकं वाटू नये म्हणून. गाडी गावात शिरताना नवरदेवाचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तो परत परत वाजत राहिला.

घर रस्त्याला लागूनच होतं. पुढचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर काहीच नव्हतं. आम्ही खाली उतरून उभ्या राहिलो. बहिणीनं माझा हात धरला होता, आणि ती कोणीकडे वळायचं हे पाहत होती. बोळातून मागं जायची वाट होती, तिथं कुणीतरी सडा टाकून ठेवलेला दिसत होता.

सासू आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मापटं होतं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं, तांदूळ हातानं सारखे केले.

"ये," म्हणाली. "तुजा दोस न्हाई." आणि मग मुलाकडे न बघता, "ह्याचं काम मातुर ऱ्हात न्हाई आता."

बहिणीनं माप लवंडलं. तांदूळ फारसे आत गेले नाहीत, तिनं पाय फार हळू लावला.

तिकडे पिंपळे सौदागरला आई-वडील भावाला घेऊन वाढदिवसाला गेले होते. न जाऊन कसं चालेल, हेच परत. फुगे, मोठ्या आवाजात गाणी, सोसायटीच्या बायका. केक कापताना भावाला कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा फोन आला. उद्यापासून गेटवर येऊ नको, तुला काढलंय. आईनं सांगितलं, तो फोन खिशात ठेवून टाळ्या वाजवायला गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. वडलांनी त्याला तिथंच सगळ्यांसमोर पुलाव भरवला. लहान पोरं येऊन बघत होती, एवढ्या मोठ्या माणसाला घास का भरवतायत म्हणून.

पुढचं फारसं वेगळं झालं नाही. नवरदेवाचंही काम गेलं. त्यानं चौकशीत तेच सांगितलं जे होमापुढं सांगितलं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहिते. आता तो भोसरीत एका छोट्या वर्कशॉपला आहे, आधीपेक्षा खालच्या कामावर. भावाची भरपाईची केस चालू आहे. ती मी चालवते म्हटलं तरी चालेल. ऑफिसातनं अर्धी रजा टाकते, वकिलांना भेटते, इंग्रजीतलं वाचून घरी मराठीत सांगते. शिकल्याचा उपयोग व्हावा असं मला फार वाटायचं. तो अशा ठिकाणी होईल हे माहीत नव्हतं.

आणि बहिणीबद्दल सासरी जे बोलायचं ते बोलतातच. आता मांडवाचं नाव निघत नाही. सून घरात आली आणि पोराचं काम गेलं, असं म्हणतात. ती मला फोनवर सांगते आणि वर म्हणते, "म्हणू दे. आले तर पुढच्या दारानंच."

कानपिळीचं कापड बरेच दिवस कपाटात पडून होतं. भाऊबीजेच्या आधी भावानं ते शिवायला टाकलं. काळेवाडीतल्या शिंप्यानं हात पाहून विचारलं, टिचबटणं लावू का, सोपं जाईल. तो नको म्हणाला.

भाऊबीजेला बहीण आणि दाजी दोघं आले. ताटं वाढून झाली होती, ओवाळायची तयारी झाली होती. भाऊ आतून तो शर्ट घालून आला. गळ्याखालचं बटण राहिलं होतं. दाजींच्या ते लक्षात आलं. ते उठले आणि न बोलता बटणाला हात घातला.

"राहू द्या दाजी," भाऊ म्हणाला. "मी लावतो."

तो पाटावर बसला आणि डाव्या हातानं बटण लावू लागला. ते काजाच्या तोंडाशी यायचं आणि निसटायचं. बहिणीच्या हातातल्या तबकातलं निरांजन जळत होतं. आम्ही सगळे ताटं पुढे घेऊन बसून राहिलो.